दारात उभा सारथी

देवळीच्या बसस्थानकामागं जी वस्ती आहे, तिथल्या एका घरावर पितळी पाटी आहे. दोन पेचांनी, म्हणजे स्क्रूंनी, बसवलेली. 'कवी रत्नदीप ताकसांडे.' ही पाटी त्याच्या बायकोनं, सरितानं, लग्नाच्या वाढदिवसाला करून आणली. नवऱ्याला द्यावं तरी काय? शर्ट दिला तर खिशात पुस्तक कोंबून खिसा फाडतो, घड्याळ दिलं तर त्याकडं बघत नाही. शेवटी तिनं पाटी दिली, आणि 'कवी' हा शब्द मुद्दाम मोठ्या अक्षरांत घातला.

"तुमी लेहून तर दाखवत नाई," ती म्हणाली, "लोकाइले पाटीवरून तरी मालूम पडो."

रत्नदीप बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक. खिडकीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारायचा. आवाज असा भरदार, की पुलगावला कांदे घ्यायला निघालेल्या माणसालासुद्धा आपण काहीतरी मोठ्या कार्याला चाललोय असं वाटावं. तरुणपणी त्याचा एक पातळसा कवितासंग्रह निघाला होता. त्यानंतर त्यानं मनावर घेतलं ते 'कर्पासायन'. कापसाचं महाकाव्य. सरकीच्या पोटातल्या अंधारापासून ते माणसाच्या अंगावरच्या शेवटच्या कापडापर्यंत, सगळं त्यात येणार होतं.

आता एवढं मोठं काम म्हटल्यावर वाचायला नको? त्यानं वाचायला घेतलं. कापसाचा इतिहास वाचला. इतिहासातून व्यापारात शिरला, व्यापारातून जहाजांत, जहाजांतून समुद्रात. आणि एक अख्खा हिवाळा देवळीतला हा माणूस देवमाशांबद्दल वाचत बसला. छंदशास्त्र वाचलं. दूरदेशीच्या जाडजूड कादंबऱ्यांची भाषांतरं वाचली, कारण मोठं लिहिणारे मोठं कसं लिहितात हे कळायला हवं. या सगळ्यात लिहून झालं होतं ते इतकंच : 'हे अनादि शुभ्रते!'

सरितानं ते वाचलं आणि विचारलं, "हे कोनाले बोलावून राह्यले?"

ती त्याला 'कापसाचं पोतं' म्हणायची. म्हणजे महाकाव्याला. कधीकधी नवऱ्यालाही.

पण वस्तीत रत्नदीपला मान होता, आणि तो होता विहारामुळे. वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात बुद्धाच्या चरित्राच्या ग्रंथाचं वाचन व्हायचं. वाचायला बसायचा रत्नदीप. वावरातून, घरकामातून दमून आलेल्या बाया भिंतीला पाठ लावून ऐकायच्या. पुढच्या रांगेत कमलाबाई. वय झालेलं, दात गेलेले, कान मात्र सशाचे.

गेल्या वर्षी आश्विन पौर्णिमेला ग्रंथाची समाप्ती झाली. खीर वाटली जात होती. विहार समितीचे अध्यक्ष महादेवराव चार शब्द बोलले, रत्नदीपच्या वाचनाची तारीफ केली, टाळ्या पडल्या. माणसाला खिरीपेक्षा टाळी जास्त चढते. रत्नदीप उठला आणि सगळ्यांसमोर बोलून गेला, "पुढच्या आश्विन पौर्णिमेले मी माह्यं सोताचं दीर्घकाव्य इथीच वाचून दाखवीन. नाई दाखवलं, तर दारावरची पाटी उतरवून टाकीन!"

"पाह्य बरं," कमलाबाई खिरीचा घास गिळून म्हणाली. "आमी ऐकलं हाये."

"मी पेचकस घेऊन येतो," महादेवराव म्हणाले. ते हसले नाहीत. ते मुळात हसतच नसत.

सरिता हसली, पण घरी आल्यावर तिनं पदरानं पाटी पुसून घेतली. पाटी तिनं आणलेली होती.

मग थंडी गेली देवमाशांत. उन्हाळा लागला. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सरितानं घरातली सगळी पुस्तकं सोयाबीनच्या रिकाम्या कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरली, मालवाहू गाडी बोलावली आणि कट्टे अल्लीपूरला आपल्या भावाच्या घरी धाडून दिले.

"आता उपास धरा," ती म्हणाली. "पोटाचा नाई, डोयाचा. लेहून होत नाई तवर वाचाचं नाई."

"अवं, पन कवीनं वाचलं नाई तर—"

"वाचलं तवा का लेहलं?"

रत्नदीपनं उपास धरला.

उपासाच्या पहिल्या आठवड्यात त्यानं खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी वाचून काढली. दोनदा. 'बाटली हलवून घ्यावी' या ओळीत त्याला लय सापडली. मग चहापत्तीचा पुडा, तेलाची पिशवी, साबणाचा कागद. शेजाऱ्याकडं बियाण्याची थैली आली, तर हा तिथं उभा राहून मागची बारीक अक्षरातली सूचना वाचतोय, आणि शेजारी बिचारा समजला की कृषी खात्याचं काही काम निघालं. नाश्त्याला आणलेल्या आलुबोंड्याचा कागद हा सपाट करून, तेलाच्या डागातून बातमी वाचायचा. सरितानं तो कागदही दाराबाहेरच काढून टाकायला सुरुवात केली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडल्या. एका सकाळी चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हा तिनं तो चहा न बोलता पिऊन टाकला. व्रत म्हणजे व्रत.

लिहिणं? ते रोज संध्याकाळी व्हायचं. कोऱ्या कागदासमोर तो बसायचा, आणि कागद त्याच्यासमोर. 'हे अनादि शुभ्रते'ची 'हे आद्य शुभ्रते' झाली. मग पुन्हा 'अनादि' आली. वावरातला कापूस कधीच वेचून विकला गेला होता, वाळक्या पऱ्हाट्याही चुलीत गेल्या होत्या. कर्पासायन आपलं सरकीतच.

आषाढी पौर्णिमा आली तशी महादेवराव घरी आले. "चाल, संध्याकाळी वाचाले."

"भाऊ, माहा उपास हाये."

"वर्षावासात ग्रंथ वाचाले उपास आडवा येते?"

रत्नदीपनं सरिताकडं पाहिलं. सरिताच्याही मनात एकदा आलं की सूट द्यावी. पण तिला ठाऊक होतं, या माणसाला एक पान दिलं तर तो अल्लीपूरपर्यंत वाचत जाईल. "ऐकाले येतीन ते," ती म्हणाली. "वाचाले मोनालीले बसवा."

मोनाली म्हणजे शेजारची पोरगी. स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती, आणि तिचं वाचणं म्हणजे वाघ मागं लागल्यासारखं. स्वल्पविराम तिला दिसत नसे, पूर्णविराम दिसला तर ती त्यावरून उडी मारायची. चुकायची मात्र नाही. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. बाया ऐकायच्या, जांभया द्यायच्या, आणि लवकर घरी जायला मिळतं म्हणून खूशही असायच्या. रत्नदीप मागं चपलांपाशी भिंतीला टेकून बसायचा आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख चोरून वाचायचा.

असे काही दिवस गेले आणि गृहत्यागाचा भाग आला. सिद्धार्थानं घर सोडलं. सारथी छन्न घोडा घेऊन परत फिरला. मोनालीनं पान उलटलं आणि पुढं निघाली.

"थांब वो पोरी," कमलाबाई म्हणाली. "पानं काऊन गाळून राह्यली?"

"नाई आजी, मी तर सगळंच वाचून राह्यली."

"मंग ते नदीवालं कुठी गेलं?"

"कोनतं?"

"घोडं पानी पेत नाई ते!" आता मागून आनंदाबाई उठली. कमलाबाईची ही जन्माची मैत्रीण आणि जन्माची भांडखोर, पण आज दोघी एका बाजूला. "छन्न त्याले म्हन्ते पे बाबा, अन् घोडं तोंड फिरवते. अन् मंग तो घरी येते, अन् बायको आतून पुसते. ते वाच ना."

मोनालीनं पान मागं घेतलं, पुढं घेतलं. "नाई इथी."

"नवीन छपाईत गाळलं असन," एकीनं सांगितलं.

"गाळतीनच! पानं वाचवाले गाळतेत. गरिबाचं पहिले गाळतेत," आनंदाबाई म्हणाली. "रत्नदीप वाचे ते जुनं पुस्तक काढा."

"मावशी, हे तेच पुस्तक हाये."

महादेवराव पुढं झाले. चश्मा चढवला, ग्रंथ हातात घेतला, पानन् पान पाहिलं. मागं रत्नदीप हळूहळू आपली चप्पल शोधू लागला होता.

सरितानं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिला एकदम सगळं कळलं. दरवर्षी पावसाळ्यात, सकाळी दाढी करताना, आरशासमोर हा घोड्याशी बोलायचा. तिला वाटायचं, गाड्या पुकारायचा सराव चाललाय.

"मावशी," ती म्हणाली, "ते पान ग्रंथात भेटत नसते. ते या मान्साच्या डोस्क्यात असते."

सगळ्या माना चपलांकडं वळल्या.

झालं होतं ते असं. दिवसभर निंदण करून आलेल्या बायांचे डोळे छापील मराठी ऐकता ऐकता मिटायचे. मग रत्नदीप बोट पानात ठेवून ग्रंथ मांडीवर घ्यायचा आणि दोन शब्द आपल्या पदरचे बोलायचा, त्यांच्याच बोलीत, जात्यावर ओवी यावी तशा चालीत. डोळे उघडायचे. की हा पुन्हा पानावर. यात आपण काही रचतो आहोत असं त्याला कधी वाटलंच नाही. रचायचं ते कर्पासायन. हे आपलं बोलणं. आणि बायांना वाटलं, ग्रंथच असा गोड आहे.

महादेवरावांचा चेहरा लाल झाला. "ग्रंथात आपल्या पदरचं घालतं? भेसळ करतं? हे का दूध हाये का बे?"

"चूक झाली, भाऊ," रत्नदीप उभा राहून म्हणाला. त्याचा भोंग्यावरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"चूक म्हन्ते! वर्सानुवर्सं—"

"पन भाऊ," आनंदाबाई मधेच म्हणाली, "सुजातानं सिद्धार्थाले खीर देल्ली, अन् तिच्या गायीले कसं वाटलं ते... पुलगावच्या कार्यक्रमात तुमीच सांगतलं होतं ना? माइकवर? मी होती तिथी. लोकाइनं टाळ्या वाजवल्या."

महादेवराव थांबले. त्यांनी सावकाश रत्नदीपकडं पाहिलं. "गाय बी तुहीच का?"

रत्नदीपनं होकाराची मान हलवली.

महादेवरावांनी चश्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नंतर म्हणाले, "ग्रंथ ग्रंथाच्या जागी. वाचून झाला की पांढऱ्या कपड्यात गुंडाळून ठेवाचा. मंग ज्याले जे सांगाचं ते सांगाव." आणि बसले. एवढं नमतं घेताना त्यांना वस्तीत कोणी पाहिलं नव्हतं.

पण आता कमलाबाई उठली. ती गुडघ्यावर हात ठेवून रत्नदीपकडं रोखून बघत होती.

"तुह्यं होय का ते?"

"हो मावशी."

"मंग मले एक सांग. बायको आतून पुसते कोन म्हनून. तो म्हन्ते मी. अन् तू दरवर्सी तिथीच पान उलटवतं. इतके पावसाळे झाले, तो मानूस दारात उभा हाये. भिजून राह्यला. त्याले घरात घेतं का नाई?"

बाया हसल्या. रत्नदीपनं शोधून काढलेली चप्पल परत खाली ठेवली.

"मी समजत होती ग्रंथच तसा हाये, आपल्याले का समजते," कमलाबाई म्हणाली. "पन तुह्यं हाये म्हनल्यावर मी काऊन गप राहू? पौर्णिमेले तो मले घरात पायजे. नाई तर पाटी उतरव."

दुसऱ्या दिवसापासून देवळीनं एक नवल पाहिलं. कवी आपलीच कविता मागत घरोघरी फिरू लागला. त्याला स्वतःला त्यातलं धड निम्मंही आठवत नव्हतं. बोललेलं बोलल्या जागीच सोडून तो पुस्तकांकडं पळालेला होता. कमलाबाई तूर निवडता निवडता सांगायची :

*घोडं रिकामं चाललं, संगं सारथी पायी-पायी,*
*नदी लागली वाटेत, घोडं पानी पेत नाई.*

"घोडं नाई, घोडा," आनंदाबाई ओट्यावरून ओरडायची. "राजाचा होता तो."

"घरधनी गेला तवा त्याचं घोडंच झालं न बाप्पा."

रत्नदीप हे ऐकून लिहायचं थांबला. हा अर्थ त्याला सुचलेला नव्हता. पण आता सुचल्यासारखं दाखवायला हरकत नव्हती. त्यानं गंभीरपणे मान डोलावली. मग मोनाली फोनवर ते सगळं टिपून घ्यायची, आणि कमलाबाई तिला दटावायची, "हळू लेह्य, ते का पयून जाते?"

सारथ्याच्या दारापर्यंत सगळं जमलं :

*कडी वाजली दाराची, आतून बाई पुसे कोन,*
*एक हाये मी दारात, एक घोडं, एक मौन.*

आणि इथं गाडी फसली.

बाई काय म्हणेल? मालकाला रानात सोडून नवरा घरी आला आहे. बाई काय म्हणेल? रत्नदीपनं तिला रडवून पाहिलं. तिच्या तोंडी संसाराची असारता घातली. चार कडव्यांचा प्रश्न विचारायला लावला, ज्यात 'अनादि' हा शब्द हळूच आत आला होता. सरितानं ते भाकरी थापता थापता ऐकलं.

"इतकं बोलते का कोनी दारात? भाजी करपन तिची."

भाद्रपद सरला. आश्विन लागला. वस्तीतली पोट्टी त्याला रस्त्यात विचारू लागली, "काका, उघडलं का दार?" महादेवराव पाटीसमोरून जाताना पेच कोणत्या मापाचे आहेत ते बघून घेत.

पौर्णिमा चार दिवसांवर असताना रत्नदीपचा धीर सुटला. कामावरून सुटला तो घरी आलाच नाही. स्कूटर काढली आणि थेट अल्लीपूर. सरिताच्या भावाला म्हणाला, "सहज आलतो." आणि मागच्या खोलीत कट्ट्यांपाशी गेला. पहिला कट्टा सोडला, पुस्तकांचा वास आला, आणि उपाशी माणूस पंगतीत बसावा तसा तो जमिनीवरच बसला. जगातल्या सगळ्या परतलेल्या नवऱ्यांना त्यानं शोधून काढलं. युद्धावरून आलेले, समुद्रावरून आलेले, तुरुंगातून आलेले. त्यांच्या बायका भारी भारी बोलल्या होत्या. कोणी बेशुद्ध पडली, कोणी ओळखलंच नाही, एकीनं दोन पानं शाप दिला. सगळं सुंदर होतं. पण छन्नाच्या दारात त्यातलं काही बसेना. तिथली चौकट बुटकी होती.

दिवेलागण होऊन गेल्यावर तो देवळीला परतला. शर्टावर कट्ट्यांची धूळ, केसांत जाळं, बोटं काळी. उपास मोडल्याचं कोणीही सांगितलं असतं. स्कूटर भिंतीला लावली आणि आपल्याच दाराची कडी वाजवायला त्याचा हात होईना. रस्ताभर तो उत्तर जुळवत आला होता; एकही ओळ नीट बसली नव्हती. शेवटी कडी वाजवली.

"कोन?"

"मी."

सरितानं दार उघडलं. त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. धूळ पाहिली, जाळं पाहिलं, बोटं पाहिली. तिला काय ते समजलं. भावाचा फोन तर कधीच येऊन गेला होता. ती बाजूला झाली आणि म्हणाली,

"गाडीत पेट्रोल टाकलं का?"

रत्नदीप तिथंच उभा राहिला.

"का झालं? आत या ना. डास येऊन राह्यले."

"तू... तू दरवेळी हेच पुसतं?"

"मंग का पुसू? तुमी कुठी गेलते ते मले मालूम असते. सकायी गाडी बंद पडन ते कोनाले मालूम असते?"

तो आत आला, पण हातपाय धुतले नाहीत, जेवला नाही. तिनं औषधाची ती जुनी चिठ्ठी कुठूनशी शोधून दिली. तिच्या कोऱ्या बाजूवर त्यानं दोन ओळी लिहिल्या. मग जेवला. भाजी खरंच करपलेली होती.

आश्विन पौर्णिमेला विहार भरून गेला. मोनालीनं शेवटचं पान वाचलं, त्यातल्या पूर्णविरामावर या वेळी ती खरोखर थांबली. ग्रंथ पांढऱ्या कपड्यात गुंडाळून जागेवर ठेवला गेला. महादेवराव तिथंच पहिल्या रांगेत बसले. सदऱ्याच्या खिशातून पेचकसाची पिवळी मूठ बाहेर डोकावत होती.

रत्नदीप उभा राहिला. कर्पासायनाचा एक शब्द नाही. रिकामा घोडा चालू लागला, नदी आली, सुजाताची गाय येऊन गेली. कुठं तो अडखळला तर पुढच्या रांगेतून ओठ हलायचे आणि ओळ मिळायची. एकदा आनंदाबाई मोठ्यानं "घोडा!" म्हणाली आणि कमलाबाईनं तिला कोपर मारलं. मग दार आलं. कडी वाजली. आतून बाईनं विचारलं, कोण. सारथी म्हणाला, एक मी, एक घोडं, एक मौन.

रत्नदीप थांबला. दरवर्षी इथं तो पान उलटायचा. आज हातात पान नव्हतं.

*उघडलं बाईनं दार, नाई पुसलं कुठी, काई,*
*म्हने आधी हे सांगा, घोड्यानं पानी पेलं का नाई?*

कोणी टाळी वाजवली नाही. कमलाबाईनं पदर डोळ्याला लावला, नाकालाही लावला, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"घेतलं बाप्पा एकडाव घरात," ती म्हणाली. "चला, खीर वाढा. मान्साले भूक लागली असन."

कोणत्या माणसाला, ते तिनं सांगितलं नाही. महादेवरावांनी पेचकसाची मूठ बोटानं खिशात आत ढकलली आणि द्रोण पुढं केला.

सरिता मात्र मागं बसून खिरीला हात न लावता नवऱ्याकडं बघत होती. गर्दी पांगल्यावर तो जवळ आला तेव्हा म्हणाली, "हे माह्यं वाक्य होतं."

"थोडं बदललं."

"पाटीवर माह्यं बी नाव टाका मंग." आणि मग तिला आठवलं. "बरं, गाडीत पेट्रोल टाकलं का?"

रत्नदीप हळूहळू आपली चप्पल शोधू लागला.

दोघं विहाराबाहेर आली. लख्ख चांदणं पडलं होतं. रत्नदीपनं स्कूटरचं हँडल धरलं, सरितानं मागून हात लावला, आणि वस्तीच्या रस्त्यानं रिकामी गाडी ढकलत दोघं पायी-पायी घराकडं निघाली.